निळ्या मेंढ्याच्या अंगणात

‘डोकं सांभाळा’ अशी पाटी दारावर लावलेली होती. मी ती नीट वाचली. अक्षरं जुन्या वळणाची असली तरी पाटी फार तर तीस-चाळीस वर्षांची असावी, असा अंदाज बांधला. आणि आत शिरताना तुळईवर डोकं आपटलं.

आवाज बऱ्यापैकी मोठा झाला. आतून एक बाई म्हणाली, "सगळ्यांचंच आपटतं, बाळ. पाटी वाचत थांबणाऱ्यांचं जरा जोरात आपटतं."

ती ‘बाळ’ म्हणाली नव्हती, ‘लव्ह’ म्हणाली होती. पण इंग्लंडच्या त्या भागात बसच्या ड्रायव्हरपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे सगळ्यांना तसंच म्हणतात, आणि मराठीत त्याला याहून जवळचं काही मला सुचत नाही. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते.

बाईचं नाव डोरीन. पासष्टीची, अंगानं भक्कम, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. ऑल्डरबी नावाच्या त्या बाजारगावातली ‘ब्लू रॅम’ ही जुनी इन तिच्या मालकीची होती. खाली खाणावळ आणि बिअर पिण्याची खोली, वर उतारूंच्या खोल्या, मधे घोडागाडी आत येईल एवढी कमान आणि मागे फरसबंदी अंगण. आमच्या सांगलीच्या घरात तिला ‘निळा मेंढा’ म्हणत, कारण अण्णा, म्हणजे माझे वडील, तसं म्हणत.

अण्णा तरुणपणी पंपांच्या कारखान्यातर्फे प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते. त्या काळात ते निळ्या मेंढ्याच्या माळ्यावर राहिले. राहिले दीड वर्ष. सांगत राहिले जन्मभर. दारातल्या तुळईवर तीनशे वर्षं माणसं डोकी आपटतायत. तळघरात एक भूत आहे, पण ते फक्त उधारी बुडवणाऱ्यांना दिसतं. आणि एकदा तिथं राजा उतरला होता. तो इतका उंच होता की पलंग पुरेना, म्हणून पाय खिडकीबाहेर सोडून झोपला. सकाळी बाजाराला आलेले लोक पायांनाच मुजरा करून पुढे गेले.

बाराव्या वर्षी मी वाचनालयात जाऊन तपासलं. त्या बाजूला कुठलाही राजा फिरकल्याची नोंद मला सापडली नाही. घरी पाहुणे जेवायला बसले असताना मी हे जाहीर केलं.

अण्णांनी आमटी भुरकली आणि म्हणाले, "मग राणी असेल. उंच राणी."

सगळे हसले, आणि अण्णांच्या बाजूनं हसले. मी एकटी बरोबर होते. पुढे मी बरोबर असण्याचाच व्यवसाय केला. एका कोशाच्या संपादन विभागात लोकांनी पाठवलेल्या नोंदी तपासायच्या आणि समासात लाल शाईनं ‘आधार?’ असं लिहायचं, हे माझं काम. अण्णांनी माझं नाव ऋजुता ठेवलं होतं. आपल्या वाटचा सगळा सरळपणा माझ्यावर टाकून ते मोकळे झाले असावेत.

त्या वर्षी जानेवारीत अण्णा गेले. दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर तर मारामारी चालली होती. आमच्यासमोर फक्त एक बसला होता, पिंपळाच्या फांदीवर, आणि तोही परीक्षकासारखा.

माझा भाऊ उपेंद्र हात जोडून म्हणाला, "अण्णा, आईला मी बघेन." कावळा हलला नाही. "घर विकणार नाही." नाहीच. मग शेजारचे दामले पुढे झाले. "खासनीस, तुमची शिडी माझ्याकडे आहे. आजच्या आज आणून देतो." कावळ्यानं मान वाकडी करून दामल्यांकडे पाहिलं, एवढंच.

इंदूआत्या, अण्णांची धाकटी बहीण, माझ्याकडे वळली. "ऋजू, तू बोल काहीतरी. तुझ्याच बोलण्याची वाट बघत असंल."

"आत्या, कावळे गर्दीला बुजतात. आपण सगळे लांब झालो तर येईल."

"मग तू हो लांब," आत्या म्हणाली.

मी लांब झाले. तरी तो आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. गवताचा तो कावळा मात्र पहिल्या झटक्यात शिवला. घाटाच्या पायऱ्या चढताना आत्या म्हणाली, "आमच्या आईच्या वेळी पण गवताचाच करावा लागलेला. दादा तिकडं इंग्लंडला होता तेव्हा. काय राहिलं असंल गं याचं?" मी म्हटलं, ऊन फार झालंय, चल. मी तेव्हा रडले नव्हते, नंतरही नाही. माणसं मला ‘किती खंबीर’ म्हणत होती आणि मी तेही दुरुस्त करत नव्हते.

जूनमध्ये यॉर्कला कोशकारांची एक परिषद होती. एक दिवस मोकळा होता. मी बस पकडून ऑल्डरबीला आले. अण्णांसाठी आले, असं मी स्वतःला सांगितलं नाही. नोंद तपासायला आले, असं सांगितलं.

आणि पहिल्याच मिनिटाला तुळई खरी निघाली. कपाळावर टेंगूळ चढत होतं आणि मला पुरावा मिळाल्याचं समाधान वाटत होतं.

डोरीननं बर्फ गुंडाळलेला टॉवेल दिला. मी म्हटलं, "एकोणसत्तर साली इथं एक गृहस्थ राहत होते. निळकंठ खासनीस."

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं. तोडून तोडून सांगितलं. डोरीननं मनापासून आठवून पाहिलं, हे मला दिसत होतं.

"नाही गं बाळ. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, याच काउंटरमागे उभी असायचे. असलं नाव विसरले नसते."

म्हणजे तुळई खरी आणि अण्णा खोटे. कुणाकडून ऐकून त्यांनी स्वतःला त्या माळ्यावर नेऊन ठेवलं असेल? मला वाटलं नव्हतं इतकं वाईट वाटलं, म्हणून मी चहा मागितला.

चहा ठेवताना डोरीन म्हणाली, "हॉलोवे आता लोकांना इन दाखवेल. तू पण जा त्यांच्याबरोबर. चार माणसं जास्त दिसली तर बरं. आज ती मुलगी आलीये." तिनं हनुवटीनं कोपऱ्यातल्या एका तरुण मुलीकडे खूण केली. "मी हे विकतेय. गुडघे गेले माझे. घेणाऱ्या कंपनीचे देशभर शंभरेक पब आहेत. काय ठेवायचं, काय काढायचं, हे ती क्लेअर ठरवणार. तुळई ठेवणार म्हणाली. कमान ठेवणार. दुपारचं ताट ठेवायचं की नाही, ते आज बघून सांगणार."

"दुपारचं ताट?"

"बघशीलच," डोरीन म्हणाली, आणि काउंटर पुसायला लागली. एकच जागा बराच वेळ पुसत राहिली.

मिस्टर हॉलोवे हे निवृत्त शिक्षक. बारीक, उंच, कोपरावर चामड्याचे तुकडे शिवलेला कोट. त्यांच्यामागे क्लेअर, एक जर्मन जोडपं आणि मी. ही इन लोकरीच्या व्यापाऱ्यांसाठी बांधली गेली, ते सांगू लागले. गुरुवारी मेंढ्यांचा बाजार भरे. विकायच्या मेंढ्यांवर निळ्या रंगाचा पट्टा ओढत, आणि एक मेंढा रंगाच्या पिंपातच पडला, म्हणून हे नाव. मग टपालगाड्यांचे दिवस आले. अंगणात एका वेळी चाळीस घोडे बांधलेले असत, जेवण घशाखाली उतरायच्या आत गाडीवान शिंग फुंकी. मग रेल्वे आली, गावाला वळसा घालून गेली, आणि घोड्यांच्या पागेत कोंबड्या आल्या. आता तिथं न्हाणीघरासकट तीन खोल्या आहेत.

माणूस चांगला सांगत होता. त्यामुळे मला जास्तच राग येत होता. चांगलं सांगणाऱ्या पुरुषांचं मी लहानपणापासून तपासत आलेय.

"पिंपात पडलेल्या मेंढ्याला आधार काय?" मी विचारलं.

"काहीच नाही," ते आनंदानं म्हणाले. "पण तो पडला नसता तर फार वाईट झालं असतं."

अंगणात एक दगडी ओटा होता, तीन पायऱ्यांचा. घोड्यावर चढायला सोयीचा म्हणून जुन्या इनमध्ये असा ओटा असे. त्याच्याजवळ हॉलोवे थांबले आणि त्यांचा आवाज खाली आला. सोळाशे पासष्टच्या प्लेगमध्ये या गावात बाहेरच्यांना बंदी होती, ते म्हणाले. भुकेले वाटसरू कमानीपाशी यायचे. तेव्हाचा मालक रोज दुपारी, घरात कुणी घास घेण्याआधी, त्यांच्यासाठी या ओट्यावर अन्न ठेवून मागे सरायचा. ती प्रथा आजतागायत चालू आहे. फक्त वाटसरू राहिले नाहीत. आता पक्षी खातात.

"काय ठेवतात?" क्लेअरनं विचारलं.

"भाताचा एक गोळा."

मला इतकं सोपं सावज बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. "भाताचा?" मी म्हटलं. "सोळाशे पासष्ट साली, प्लेगच्या दिवसांत, इंग्लंडच्या खेड्यात, वाटसरूंना भात?"

हॉलोवेंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"तांदूळ तेव्हा इथं औषधासारखा महाग असणार. शिवाय शंभर वर्षांपूर्वीचा एखादा तरी लेखी उल्लेख आहे का?"

"लेखी असा... नाही."

क्लेअर माझ्याकडे वळली. "तुम्ही यातल्या तज्ज्ञ आहात का?"

मी नम्रपणे सांगितलं की मी कोशाची संपादक आहे. माझी नम्रता ऐकण्यासारखी असते. मग लोक अलीकडे सुरू झालेल्या गोष्टींना जुन्या प्रथेचा साज कसा चढवतात, यावर मी एक छोटं व्याख्यान दिलं. जर्मन जोडपं मान डोलवत होतं. भात हाच त्यातला कच्चा दुवा आहे, मी म्हणाले. भातावरून कळतं की ही गोष्ट इथली नाही आणि तेव्हाची नाही.

आता आठवलं की वाटतं, इतकं अचूक आणि इतकं मठ्ठ वाक्य मी आयुष्यात दुसरं उच्चारलं नसेन.

"म्हणजे खोटं आहे," क्लेअर म्हणाली.

"अलीकडचं आहे, असं म्हणू."

"मग सोपं झालं. नाहीतरी उघड्यावर अन्न ठेवणं आमच्या नियमात बसवणं कठीणच होतं. खरोखर जुनं असतं तर मी भांडले असते." ती वाईट मुलगी नव्हती. तिला एक कारण हवं होतं, कुठल्याही बाजूचं, आणि ते मी दिलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात डोरीन ताटली घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एकेक पाऊल जपून टाकत ओट्यापाशी आली. कथलाच्या ताटलीत भाताचा गोळा होता, मुठीएवढा. ती ओट्याच्या समोर, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली असती तर फोटो चांगला आला असता. क्लेअरनं तसं सुचवलंही. पण डोरीननं वळसा घातला आणि कमानीकडे पाठ करून, चर्चच्या मनोऱ्याकडे तोंड केलं.

"दक्षिणेकडेच का, हे कोडं मला सुटलेलं नाही," हॉलोवे माझ्या कानाशी पुटपुटले.

डोरीननं ताटली ठेवली. डाव्या हातात तांब्याचा छोटा जग होता. उजव्या तळहातावर तिनं पाणी घेतलं. आणि ते बोटांवरून पुढे सोडलं नाही. तळहात कलता करून, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यातून, ताटलीभोवती सोडलं.

देवाला पाणी बोटांच्या टोकांवरून सोडतात. अंगठ्याच्या बाजूनं सोडतात ते पितरांना. हे मला कुठल्या ग्रंथामुळे माहीत नव्हतं. पितृपक्षात परसदारी अण्णा सोडत तेव्हा मी शेजारी उभी राहून विचारायचे, असं वाकडं का? आणि अण्णा सांगायचे, "सरळ सोडलं तर देव पितील. लबाड असतात."

माझ्या हातातला बर्फाचा टॉवेल खाली पडला.

डोरीन मागे सरली. सगळे वर बघू लागले. पागेच्या कौलांवर तीन-चार पक्षी बसले होते. कोणी खाली आलं नाही. जर्मन जोडप्यातली बाई फोन उंच धरून पुढे झाली, तसे ते आणखी वर गेले.

"गर्दीला बुजतात," क्लेअर म्हणाली.

हॉलोवे सगळ्यांना तळघर दाखवायला घेऊन गेले. मी राहिले. डोरीन भिंतीलगतच्या बाकावर बसून गुडघे चोळत होती.

"तुझं बरोबर होतं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "अलीकडचंच आहे."

"पाणी असं सोडायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"नीलनं."

"नील कोण?"

"वर माळ्यावर राहायचा. इंडियातला. खरं नाव लांबलचक होतं, आम्ही पहिल्या दिवसापासून नीलच म्हणायचो. पंपांच्या कारखान्यात होता."

मी विचारलेला पुढचा प्रश्न कुठल्याही संशोधनपद्धतीत बसत नाही. "थापा मारायचा का?"

डोरीन पहिल्यांदाच मोकळी हसली. "थापा! अगं, त्याच्या वडिलांकडे हत्ती होता म्हणे. पण ते कचेरीत सायकलनं जायचे, कारण कचेरीत हत्ती लावायला जागा नव्हती. आमचे म्हातारे शेतकरी गुरुवारी बिअर गार होईपर्यंत ऐकत बसायचे."

"बिअर गारच असते ना?"

"आमच्याकडे नसते. तुला कसा माहीत नील?"

"सायकल खरी होती," मी म्हटलं. "मी पाहिलीये."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बराच वेळ पाहिलं. मग माझ्या कपाळावरच्या टेंगळावर हात ठेवला, मघाशी बर्फ देताना ठेवला नव्हता तसा.

"आहे का तो?"

मी मान हलवली. तिला समजलं.

मग तिनं सांगितलं. नोव्हेंबर होता. घरून तार आली, आई गेली. तो पोहोचेपर्यंत सगळे विधी उरकले असते, आणि कारखाना रजाही देत नव्हता. तो कामावर जात राहिला. मग एका गुरुवारी सकाळी तिच्या वडिलांकडे, आर्थरकडे आला आणि म्हणाला, अंगण थोडा वेळ मिळेल का? स्वयंपाकघरात तांदूळ होते ते पुडिंगचे. तेच त्यानं शिजवले.

"कोट काढला, शर्ट काढला. त्या थंडीत उघडा. खांद्यावरून एक दोरा. आणि बाजाराचा दिवस! अंगण भरलेलं, मेंढ्या, कुत्री, शेतकरी. मला इतकी लाज वाटली त्याची. तेवढ्यात म्हाताऱ्या एका शेतकऱ्यानं टोपी काढली. का काढली, देव जाणे. मग सगळ्यांनी काढल्या."

त्यानं गोळा ठेवला, पाणी सोडलं, मागे सरला. आणि पक्षी येईना. तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलत राहिला. एक झालं की दुसरं. ओठ निळे पडले. तेव्हा आर्थर बाहेर गेला.

"डॅड म्हणाला, काय अडलंय? नील म्हणाला, आईच्या मनात काहीतरी राहिलंय. ते कळेपर्यंत येणार नाही. परत येतो म्हणून सांगितलं, लग्न करतो म्हणून सांगितलं, बहिणीला शिकवतो म्हणून सांगितलं. त्यातलं काहीच नाही. डॅड म्हणाला, तू गाढव आहेस. माझी आई असती तर तिला एकच विचारायचं असतं."

डोरीननं एप्रननं नाक पुसलं.

"डॅडनं हात पुसले. वर छपराकडे तोंड केलं आणि बार बंद करताना ओरडायचा त्या आवाजात म्हणाला, मॅडम, तुमचा मुलगा इथं पोटभर जेवतो. या घरात त्याला कधी कमी पडणार नाही. आणि त्याच्याआधी तुमचं ताट रोज निघेल, हे घर आमचं आहे तोवर. बस. चर्चच्या मनोऱ्यावरून एक आला आणि सरळ गोळ्यावर बसला."

मी ओट्याकडे बघत होते. गोळा तसाच होता.

"नील गेला तरी डॅडनं सोडलं नाही. म्हणाला, मी त्याला नाही, त्याच्या आईला शब्द दिलाय. मग मी चालवलं. आता ‘हे घर आमचं आहे तोवर’ एवढंच म्हणाला होता डॅड, म्हणजे हिशोबानं मी सुटतेच. पण मला काही सुटल्यासारखं वाटेना. म्हणून त्या मुलीला म्हटलं, जुनी प्रथा आहे, ठेवा."

"आणि प्लेग?"

"ते नीलचंच. तो म्हणाला, आर्थर, लोकांना माझ्या आईचं सांगू नका, हसतील. प्लेगपासूनचं आहे म्हणून सांगा. प्लेगला कुणी हसत नाही."

तळघराच्या जिन्यावर पावलं वाजली. हॉलोवे वर आले, थोडे वाकलेले. मघाचं माझं व्याख्यान त्यांच्या खांद्यांवर अजून दिसत होतं. मागून क्लेअर आली.

"तर ताट यादीतून काढते," ती डोरीनला म्हणाली. "वाईट वाटतं, पण या बाईंनीच सांगितलं—"

"मी चुकले," मी म्हणाले.

हे दोन शब्द मी कामाच्या ठिकाणी कधी वापरलेले नव्हते. सवय नसल्यामुळे जरा मोठ्यानं आले.

"मघाशी भातावरून मी घाई केली. मूळ बार्ली असणार. भात नंतर आला. अशा गोष्टींत धान्य बदलतं, कृती बदलत नाही. पाणी सोडायची ती पद्धत पाहिलीत ना? ती फार जुनी आहे. सोळाशे पासष्टच्याही आधीची." बार्ली सोडली तर इथवर मी खरंच बोलत होते. थांबायला हरकत नव्हती. पण क्लेअर नुसतीच बघत होती, तिचं बोट अजून यादीवर होतं. "आणि राजाचं तर तुम्हाला माहीतच असेल," मी म्हटलं.

"कुठला राजा?" हॉलोवेंनी विचारलं.

"इथं उतरला होता तो. फार उंच. त्या खिडकीतून त्याचे पाय बाहेर आले होते." मी कुठल्या तरी खिडकीकडे बोट केलं. "लोक पायांना मुजरा करून जात होते. त्यानं सकाळी उठल्यावर हे ताट पाहिलं आणि म्हणाला, माझ्याआधी जेवणारा हा कोण? मालक म्हणाला, पाहुणा, महाराज. तेव्हा राजा थांबला. ताट झाल्यावर जेवला."

हा शेवटचा भाग अण्णांचा नव्हता. तो माझा होता. कुठून आला, मला माहीत नाही.

"याला आधार?" हॉलोवे कुजबुजले. त्यांचे डोळे चमकत होते.

"मौखिक परंपरा," मी म्हणाले. "एकाच घराण्यात चालत आलेली. मी स्वतः ऐकलीये."

क्लेअरनं खिडकीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं. "राजा थांबला," ती म्हणाली. "हे पाटीवर छान दिसेल." आणि यादीवर काहीतरी खूण केली. "पण ताट रोज ठेवावं लागेल ना? नाहीतर पाटीला अर्थ नाही."

"रोज," डोरीन म्हणाली. "कुणी घास घेण्याआधी."

"ठीक आहे. रोज."

तेवढ्यात तो आला. मनोऱ्यावरून नाही, पागेच्या कौलांवरून. आपल्याकडच्यापेक्षा लहान, मान मात्र आपल्या कावळ्यासारखी राखाडी. ओट्यावर दोन उड्या मारल्या, माझ्याकडे तिरकं पाहिलं आणि गोळ्यात चोच घातली.

"हा खरं म्हणजे कावळा नव्हे," हॉलोवे म्हणाले. "जॅकडॉ. त्याच कुळातला, पण—"

"राहू द्या," मी म्हटलं.

त्या पक्ष्यांना जवळपास पन्नास वर्षांची सवय होती. गर्दी शांत उभी होती. त्याला भूक लागली असणार. ही सगळी कारणं मला तेव्हाही माहीत होती, आजही माहीत आहेत.

मी कमानीखाली जाऊन आत्याला फोन लावला.

"आत्या, कावळा शिवला."

"कुणाला? कुठं?"

"निळ्या मेंढ्याच्या अंगणात."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आत्यानं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"दादा पण हेच म्हणालेला," ती म्हणाली. "तिकडनं आला त्या दिवशी. इंदू, आईला कावळा तिथं शिवला, मेंढ्याच्या अंगणात. मी म्हटलं, दादा, निदान आईच्या बाबतीत तरी थापा मारू नकोस रे. लई लागलं असंल त्याला. परत कधी बोलला नाही त्यावर."

"आत्या, ते खरं होतं."

"खरं होतं?"

"मी तपासलं."

आत्यानं नाक ओढलं. मग म्हणाली, "आणि राजा? तंगड्या बाहेर काढून झोपलेला? ते पण खरं का?"

"ते पण," मी म्हणाले.

"चल, थापाडी कुठली," आत्या म्हणाली. आवाज ओला होता. "बापावर गेलीस."

फोन ठेवून मी डोरीनकडे जायला घाईनं आत वळले आणि पुन्हा तुळईवर डोकं आपटलं. या वेळी सगळे धावले. बर्फ आणा, खुर्ची आणा झालं. कुणी काही विचारलं नाही. एवढं लागल्यावर माणूस रडणारच.